मुलगी हळवी आहे म्हणून व्हेट होऊ नये?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं. बारावी सायन्सच्या मुलीबद्दल एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात तुमचं म्हणणं आहे, तिच्या आईचं आहे, मामाचं पण आहे, फक्त तिचं स्वतःचं एक वाक्य नाहीये. तिला व्हेटर्नरीला जायचंय, म्हणजे व्हेट, जनावरांची डॉक्टर व्हायचंय, एवढंच कळतं आणि ते पण "हे खूळ डोक्यात घेतलंय" असं. वर मलाच सांगताय की तुम्ही तिला फोन करून सांगा या लाईनला स्कोप नाही, बाहेरच्या माणसाचं ऐकेल ती. मी नाही सांगणार. एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे उद्या तिला कळलं की घरच्यांनी ठरवून एका काउन्सेलरकडून हे बोलवून घेतलं, तर त्यानंतर ती तुमचं कुठलंच ऐकणार नाही, करिअरचं तर सोडाच.

तुमची मोठी अडचण काय, तर ती हळवी आहे. घरातला कुत्रा किडनीच्या आजाराने गेला तेव्हा खूप रडली, नीट जेवली नाही. आणि त्याच्या आधी "अभ्यास सोडून तो किती पाणी पितो ते मोजून वहीत लिहीत बसायची" असं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. दादा, अख्ख्या पत्रात माझ्या कामाचं हे एकच वाक्य आहे! कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी प्यायला लागला, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दोन लिटरच्या वर, तर डॉक्टर ते आजाराचं लक्षण धरतात. किडनीचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडल्यावर लघवी पातळ आणि जास्त व्हायला लागते, म्हणून तहान वाढते. उन्हाने पितोय असं घरात सगळ्यांना वाटत होतं असं तुम्हीच लिहिलंय, ती एकटी भांड्याने मोजत होती. पेशंट बोलत नाही, कुठे दुखतंय सांगत नाही, त्यामुळे हे असं बघणं आणि लिहून ठेवणं हाच या धंद्याचा पाया आहे, आणि कोणी न शिकवता ती ते करत होती. रडली तर रडली, घरातलं माणूसच गेलं होतं की ते. मला तर एवढं होऊनही तिला याच लाईनला जायचंय याचं कौतुक वाटलं.

आता तो गैरसमज, जो फक्त तुमचाच नाहीये, "गाई-म्हशी-घोडे म्हणजे ताकदीचं काम, मुलीला कसं झेपणार". पाचशे किलोच्या गाईपुढे पैलवानाची पण ताकद चालत नाही हो. चालते ती समज. जनावराचे डोळे बाजूला असतात, त्याला बराच मोठा गोल दिसतो पण बरोबर मागचं दिसत नाही, म्हणून गुपचूप मागून जायचं नाही. त्याच्या खांद्याच्या मागच्या बाजूला उभे राहून पाऊल टाकलंत तर ते पुढे सरकतं, खांद्याच्या पुढे आलात तर मागे. घोडा सरळ मागे लाथ मारतो, गाय बाजूला फिरवून मारते, त्यामुळे कोणाच्या जवळ कुठून जायचं हे शिकावं लागतं. बाकीला जनावर अडकवून ठेवायचा खोडा आहे, दोर आहेत, भुलीची इंजेक्शनं आहेत. गाय विताना अडली आणि वासराची मान मागे वळलेली असेल तर बघणारे सगळे ओढा ओढा म्हणतात, पण डॉक्टर आधी वासराला आत ढकलतो, तेही कळ ओसरल्यावर, मग तेवढ्या जागेत मान सरळ करून घेतो आणि मग कळेबरोबर ओढतो. नुसत्या जोराने ओढलं तर गर्भाशय फाटतं. शेळी-मेंढी अडली तर जाड हाताच्या माणसापेक्षा बारीक हाताची डॉक्टर बरी पडते, हे पण मामांना सांगा.

आणि "करायचंच असेल तर कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक, ते सेफ" हा आईचा मधला मार्ग. डिग्रीत सगळीच जनावरं शिकावी लागतात, निवड नंतर. आणि सेफ म्हणाल तर मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून ठिपका दिसतो आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो.

रस्ता तुम्हाला माहितीच आहे, नीटची प्रवेश परीक्षा, मग कॉलेज मिळायचं काउन्सेलिंग, मग डिग्रीची साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. मार्कांवर बोलण्यासारखं काही नाही, चांगले आहेत. नंबर नाही लागला तर डिप्लोमा आहे पण त्याने रजिस्टर्ड डॉक्टर होता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. आणि स्कोप म्हणजे फक्त क्लिनिक नव्हे. गुरांची बुळकांडी, म्हणजे त्यांचा साथीचा रोग, २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, ते लस बनवणाऱ्या, लॅबमध्ये तपासणाऱ्या आणि गोठ्यागोठ्यात जाऊन टोचणाऱ्या लोकांमुळे. अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध किती दिवस विकायचं नाही हे पण व्हेटच सांगतो.

इथून पुढचं तिच्यासाठी आहे, वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या.

तुला प्राणी आवडतात हे ठीक आहे, पण ते पुरत नाही. मांजराला ताप आला म्हणून प्रेमाने घरातली पॅरासिटामॉल देणारे लोक असतात आणि त्या एका गोळीने मांजर मरू शकतं, त्याचं लिव्हर ते औषध पचवू शकत नाही. अशा लोकांशी न चिडता बोलता येईल का तुला? उपचार आहे पण मालकाला परवडत नाही म्हणून जनावर झोपवायचं इंजेक्शन द्यावं लागलं तर? याची उत्तरं घरी बसून मिळणार नाहीत. परीक्षा झाली की एखाद्या व्हेटकडे काही दिवस नुसतं बघायला जा, क्लिनिकमध्ये पण आणि गोठ्यावर पण. आणि जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून रेबीजची लस घे, चावायच्या आधी घ्यायचा कोर्स असतो तो, धनुर्वाताचं पण बघून घे. लाळ गाळणारं, गिळता न येणारं जनावर असेल, कुत्रा असो की गाय, तर ते रेबीज असू शकतं, घशात काही अडकलंय का बघायला हात घालायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. जाऊन आलीस की मला तू स्वतः लिही.