परदेशी विद्यापीठाचा अर्ज : तुमचे प्रश्न

प्रश्न : पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी जायचं आहे. तयारी कधी सुरू करू?

आत्ताच. पण क्लास लावून नव्हे, तारखा लिहून काढून. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. (धाकटी भावंडं पदवीसाठी ब्रिटनला अर्ज करणार असतील तर त्यांना सांगून ठेवा : ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते.) तुमच्या विभागाच्या मुदतीपासून मागे मोजत या. जी कामं दुसऱ्याच्या हातात आहेत, म्हणजे गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि शिफारसपत्रं, ती सगळ्यात आधी हलवा. निबंध तुम्ही रात्री जागून पुरा कराल, पण सही करणारा अधिकारी रजेवर असेल तर जागून काही होत नाही. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, ती परीक्षा लवकर दिलीत तरी चालेल. आयेल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे मात्र दोनच वर्षं. जीआरई तुमच्या विभागाला हवी आहे का, हे आधी त्यांच्या पानावर वाचा. अनेकांनी ती अट काढून टाकली आहे.

प्रश्न : एसओपीचा (‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे हा अभ्यास का करायचा आहे ते सांगणाऱ्या निबंधाचा) तयार नमुना मिळाला आहे. त्यात फक्त नाव-गाव बदलून पाठवलं तर?

नका पाठवू, अगदी मनापासून सांगते. तोच नमुना आणखी किती जणांकडे आहे, तुम्हाला ठाऊक नाही. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज ज्या यूकासमार्फत जातात, तिथे तर प्रत्येक निवेदन आधी आलेल्या निवेदनांशी ताडून पाहिलं जातं.

नमुन्यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं : ‘मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे.’ यातून वाचणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती काहीच लागत नाही. आता हे वाचा : ‘टाकीवर बसवलेला आमचा अल्ट्रासॉनिक सेन्सर रोज दुपारी पाणी चढलेलं दाखवायचा. तीन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत होतो. मग कळलं, तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो आणि आम्ही तो स्थिर धरला होता.’ मुलगा काय करत होता, कुठे अडला, कसा सुटला, सगळं तीन वाक्यांत आलं. इथून पुढे ‘म्हणून मला तुमच्या विभागातला मोजमापाचा अभ्यास करायचा आहे’ हे आपोआप पटतं. अशी एक तरी गोष्ट तुमच्याकडे असतेच, आठवून पाहा.

कोणासाठी लिहिताय तेही बघा. अमेरिकेत पदवीसाठी कॉमन ॲपचा (अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायची सोय) निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, आणि तो माणूस म्हणून तुम्ही कोण आहात यावर असतो. यूकासने २०२६च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न दिले आहेत : हा विषय का, आजवरच्या शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. एकच मजकूर दोन्हीकडे चालणार नाही.

प्रश्न : सर म्हणतात, ‘शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो.’ काय करू?

सरांना वेळ नाही, हे खरं असेल. पण पत्र त्यांचंच असायला हवं. तीन पत्रं एकाच हातची असली की भाषेवरून लगेच कळतं, आणि ते उघड झालं तर अर्ज तिथेच संपू शकतो. त्याऐवजी त्यांना एक पानभर टिपण द्या : त्यांच्याकडे कोणता विषय शिकलात, प्रकल्पात तुमचा वाटा नेमका किती, त्यांनी काय दुरुस्त करायला सांगितलं आणि तुम्ही काय केलंत. सोबत विद्यापीठांची यादी, तारखांसह. मुदतीआधी निदान सहा आठवडे द्या, मधे एकदा नम्रपणे आठवण करा. तरीही ते तयार नसतील, तर तुम्हाला खरोखर ओळखणारे दुसरे शिक्षक गाठा. हुद्दा थोडा लहान असला तरी चालेल.

अमेरिकी अर्जात ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?’ असं विचारतात. ‘हो’ म्हणा. तुम्ही वाचणार नाही, हे माहीत असलं की वाचणारे त्या पत्रावर जास्त विश्वास ठेवतात.

प्रश्न : आजारपणामुळे तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिले. लपवावं का?

गुणपत्रकात ते दिसणारच. ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात दोन-तीन ओळींत कारण, काळ आणि त्यानंतरचे गुण लिहा. एसओपीची सुरुवात मात्र यावरून करू नका.

प्रश्न : जर्मनीत शिक्षण फुकट आहे म्हणतात. मग पैसे कशाचे दाखवायचे? आणि माझे ८ सीजीपीए तिथे किती होतात?

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, सत्राचं किरकोळ शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केलं आहे. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, लागतं. सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. व्हिसाच्या वेळी रक्कम पुन्हा तपासा, ती बदलत असते.

गुणांसाठी तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, सर्वोच्च आणि उत्तीर्ण यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १० पैकी ८ आणि उत्तीर्ण ४ असेल, तर उत्तर २.० येतं. तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, तेव्हा २.० चांगलंच आहे.

प्रश्न : अमेरिकेतून पीएचडीसाठी शिष्यवृत्तीसह होकार आला आहे, पण मनातल्या विद्यापीठाचं उत्तर बाकी आहे. लगेच ‘हो’ म्हणावं लागेल का?

आधी अभिनंदन! कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांकडून आर्थिक मदतीसह होकार आला असेल, तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते पाहून घ्या. दुसऱ्या विभागाला आजच दोन ओळींचं पत्र लिहा : ‘मला एक होकार आला आहे, तरीही माझी पहिली पसंती तुम्हीच आहात. निर्णय साधारण कधी कळेल?’ आणि तिकडून होकार आलाच, तर पहिल्या विभागाला त्याच दिवशी कळवा. प्रतीक्षायादीतलं कोणीतरी त्या जागेची वाट पाहत असतं.