पहिला मोजा आणि ती टाच

प्रश्न : ताई, ऑफिसच्या एसीत पाय आणि बोटं गारठतात म्हणून दादरहून लोकर आणली आणि मोजा विणायला घेतला, पण टाचेपाशी आले की सगळं उसवावंसं वाटतं. दोनदा उसवलंही. काय करू? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : अगं, टाच सगळ्यांनाच रडवते! आधी बिनबोटांचे हातमोजे कर ना. 4 मिमीच्या सुयांवर 40 टाके घाल, 2 सुलट 2 उलट असं साधारण 18 सेंमी विण, टाके सैल बंद कर आणि बाजू शिवताना अंगठ्यासाठी 5 सेंमी फट सोड, झालं, लोकलमध्ये बसायला मिळालं तर दोन-चार दिवसांत जोडी तयार.

मग मोजा. टाच म्हणजे काय तर निम्मे टाके तसेच थांबवायचे आणि उरलेल्या निम्म्यांवर मागेपुढे विणत एक चौकोनी पट्टी करायची, मग मधल्या टाक्यांवर छोट्या छोट्या ओळी घेत वळवायचं. वाचून कळत नाही, हातात घेतलं की कळतं. आणि वरची कड सैलच घाल हं, माझा पहिला मोजा टाचेवरून चढलाच नव्हता. निव्वळ सुती धागा नको, ताणत नाही, मोजा घसरतो.