शारजाला येण्याआधी, त्या सिरीजबद्दल

‘ताई’ म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. नवऱ्याला शारजात नोकरी मिळतेय, मुलगी पहिलीत जाईल, आणि आई वेब सिरीज बघून म्हणते, ‘त्या अरबांत कुठं चाललीस?’ तर ते खरंच कसे असतात, असं विचारलंयस.

व्हिसा, घरभाडं सगळीकडे लिहिलेलं आहे. मी फक्त लग्नाच्या दाखल्याचं बोलते. माझ्या दाखल्यावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं. मंत्रालय, परराष्ट्र खातं, वकिलात, एकेका शिक्क्यासाठी चार महिने गेले. एका खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, ह्या तुम्हीच कशावरून?’ अजून डोकं फिरतं.

आता अरब. पहिले काही महिने तुझी कुणाशी धड ओळखही होणार नाही. इथले मूळ लोक दहांत एखादा. किराणावाला मल्याळी, टॅक्सीवाला पेशावरचा. बाकीचे अरब म्हणजे लेबनॉन, इजिप्त, पॅलेस्टाइनहून आपल्यासारखेच पोटासाठी आलेले.

2012 साली पोर झोपली की आम्ही ‘होमलँड’ बघायचो, ती अमेरिकन हेरगिरीची मालिका. त्यात लेबनॉनच्या राजधानीतली, बैरुतची हमरा स्ट्रीट म्हणजे जिकडेतिकडे बंदूकवाले. आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाई नेमक्या हमराच्या! मी लिफ्टमध्ये मोठ्या शहाणपणानं विचारलं, ‘तिकडे भीती वाटत असेल ना?’ त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. फुटपाथवरचं कॅफे, त्यांची बहीण गॉगल लावून कॉफी पितेय, मागे पुस्तकांचं दुकान. आपला एफसी रोडच की. पुढे वाचलं, ते बैरुतचं शूटिंग इस्रायलमध्ये झालं होतं आणि लेबनॉनचे पर्यटनमंत्री कोर्टात जायची भाषा करत होते.

फोटो बघूनसुद्धा काय केलं सांगू? त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, तर ‘हिला ताप आहे’ म्हणून कळवलं. नवरा म्हणाला, ‘उगाच कशाला?’ मीही म्हणाले, हो, कशाला. लेक सहा वर्षांची, फ्रॉक घालून तयार बसलेली. रात्री त्या बाई केक घेऊन आल्या आणि तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

इथे आपल्या भारतीय शाळांतही नववीपर्यंत अरबी सक्तीची. मी फार चिडायचे. मराठी धड वाचता येत नाही आणि हे काय! मार्कांपुरतं उरकून घेतलं, ते आजही खुपतं. 2015 मध्ये त्याच मालिकेचा नवा सीझन लागला होता. ती गृहपाठ घेऊन आली आणि पडद्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आई, वतन लिहिलंय.’ पुढचा शब्द तिला येईना. दोनतीन दिवसांनी बातमी आली. बर्लिनमध्ये निर्वासितांच्या छावणीचा सेट उभारताना अरबी मजकूर रंगवायला कलाकार बोलावले होते, त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, ‘अल-वतन उन्सुरी’. म्हणजे ‘होमलँड वंशद्वेषी आहे’. अरबी वाचणारं कुणी नव्हतंच तिथं, तो भाग तसाच प्रसारित झाला. मी खूप हसले, मग एकदम त्या केकची आठवण झाली.

एकटेपणाचंही विचारलंयस. येतो, जातो. समोरची मंडळी कधीच कॅनडाला गेली, त्यांच्याकडे जायचं राहून गेलं.

दाखल्यावरचं नाव मात्र आजच तपासून घे.