चॅटच्या अ‍ॅपना एकमेकांशी का बोलता येत नाही?

प्रश्न : एका कंपनीच्या ई-मेल पत्त्यावरून दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या पत्त्यावर पत्र जाते, मग एका चॅट अ‍ॅपवरचा निरोप दुसऱ्या अ‍ॅपवर का जात नाही? ही अडचण तांत्रिक आहे का?

उत्तर : अडचण मुख्यतः व्यवसायाची आहे. झटपट निरोपांची सुरुवात कंपन्यांनी केलेलीच नाही. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक-प्रणालीवर ‘टॉकोमॅटिक’ तयार झाले. त्यात प्रत्येकाला पडद्याचा एक आडवा पट्टा मिळे आणि टाइप होणारे एकेक अक्षर, खोडलेल्या चुकांसकट, इतरांना तत्क्षणी दिसे. (आजच्या ‘टाइप करत आहे’ या सूचनेपेक्षा ते मला अधिक जिवंत वाटते.) १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिलेल्या आयआरसी या गटचॅट-प्रणालीचे सर्व्हरही निरनिराळ्या संस्था चालवत आणि ते एकमेकांना जोडलेले असत.

चित्र पालटले ते १९९६ मध्ये, इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीने आयसीक्यू ही चॅटसेवा आणल्यावर. ओळखीच्यांपैकी कोण आत्ता ऑनलाइन आहे, याची नोंद एकाच कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागली, आणि मित्रमंडळी जिथे असतील तिथेच माणूस खाते उघडणार असल्यामुळे खरी मालमत्ता ती नोंदच ठरली. अमेरिकेतील इंटरनेट कंपनी एओएलने १९९७ मध्ये एआयएम ही स्वतःची चॅटसेवा सुरू केली, पुढच्याच वर्षी मिराबिलिसही विकत घेतली. जुलै १९९९ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन मेसेंजरवरून एआयएमवरच्या लोकांशी बोलता येत होते. एओएलने ती वाट अडवली, मायक्रोसॉफ्टने पळवाट काढली, एओएलने तीही बुजवली. असे काही महिने चालून अखेर मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. एमएसएन मेसेंजर वापरकर्त्यांकडून एआयएमचा पासवर्ड मागत असे, त्यामुळे एओएलचा सुरक्षिततेचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण तो सोयीचाही होता.

कोणालाही वापरता येईल असा खुला पर्याय त्याच वर्षी, १९९९ मध्ये, ‘जॅबर’च्या रूपाने पुढे आला आणि पुढे ‘एक्सएमपीपी’ नावाने मानक बनला. २००५ मधील गूगल टॉक ही चॅटसेवा त्यावरच उभी होती, आणि लवकरच त्यावरून इतरांच्या सर्व्हरवरील लोकांशीही बोलता येऊ लागले. २०१३ मध्ये त्याच्या जागी आलेल्या हँगआउट्समध्ये मात्र गूगलने ती सोय ठेवली नाही.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टनुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकचे मेसेंजर यांना, दुसऱ्या सेवेने मागणी केल्यास, टप्प्याटप्प्याने जोडणी द्यावी लागते. तुम्ही विचारलेली तांत्रिक अडचण खऱ्या अर्थाने येते ती इथे, कारण निरोप दोन्ही टोकांना कूटबद्ध (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाही वाचता न येणारा) राहायचा असेल, तर दोन्ही सेवांना कूटबद्धतेची एकच पद्धत मान्य करावी लागते.