स्कोपला कॅमेरा जोडताना

पक्षी बघायला स्कोप (ट्रायपॉडवर लावायची, एका डोळ्याने बघायची दुर्बीण) घेतलास, फार बरं वाटलं. आता कॅमेऱ्याची घाई नको. मोठ्या झूमचा कॉम्पॅक्ट (लेन्स न बदलणारा छोटा कॅमेरा) इथे नडतो. त्याचं भिंग आयपीसशी, म्हणजे स्कोपच्या डोळ्याकडच्या भिंगाशी, नीट जुळत नाही आणि फोटोच्या कडा काळ्या येतात. ३-४ पट झूमवालाच घे. तो थोडा झूम केलास की काळं वर्तुळ निघून जातं.

हिशेब बघ: स्कोप २० पटींवर, कॅमेरा १०० मिमीवर, म्हणजे हातात २००० मिमीची लेन्स! म्हणूनच बटण दाबतानाचा बोटाचा धक्काही फोटो हलवतो. २ सेकंदांचा टायमर लाव, फ्लॅश बंद ठेव. ट्रायपॉडवर मात्र पैसे वाचवू नकोस. कॅमेरा स्कोपला जोडणारा अडॅप्टर कुठलाही चालेल, फक्त दोन्ही भिंगं एका रेषेत हवीत आणि एकमेकांना टेकता कामा नयेत.

स्कोप ६० पटींवर नेण्याचा मोह टाळ. प्रकाश घटतो, शटर मंदावतं.

डिसेंबरात पुण्याजवळच्या कवडीपाटला उजाडताच पोहोच. चक्रवाक बदकं तेव्हा निवांत बसलेली सापडतात. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग कितीही फोकस कर, पिसं स्पष्ट येत नाहीत.