न सांगता द्यायची पावडर, एकदम बंद केलेली दारू आणि पहिले पाच दिवस

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. यजमान बारा वर्षांपासून रोज दीड क्वार्टर घेतात आणि येत्या एकादशीला माळ घालून एकदम बंद करायचं म्हणतात, ते चालेल का? आणि नणंद म्हणते तशी चहा-भाजीत मिसळायची पावडर मागवावी का? पावडर मागवू नका. माळ जरूर घालू द्या, पण आधी डॉक्टर.

पावडरीचं आधी सांगतो. त्या पुडीत नेमकं काय आहे हे कोणी सांगत नाही. आणि काही घरांत न सांगता दिलं जातं ते औषध म्हणजे डायसल्फिराम. दारू शरीरात मोडताना आधी असिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो आणि पुढे एक एन्झाइम त्याला निकामी करतं. डायसल्फिराम तेच एन्झाइम अडवतं. मग दारू प्यायल्यावर काही मिनिटांतच चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतं. हृदय आधीच कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. म्हणून हे औषध माहिती देऊन, लेखी संमती घेऊन, ईसीजी आणि लिव्हरच्या तपासण्या पाहूनच सुरू करतात. माणसाला माहीतच नसेल तर तो पिणारच, आणि त्रास झाल्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनाही कारण सांगू शकणार नाही. शिवाय कधीतरी हे उघड होतंच. त्यानंतर तो घरचं जेवण संशयाने जेवतो आणि उपचाराचं नावही काढू देत नाही.

आता माळेचं. माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत, त्या बळाला कमी लेखू नये. पण क्वार्टर म्हणजे १८० मिली, आणि ४२.८ टक्क्यांच्या दारूत तेवढ्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दीड क्वार्टर म्हणजे रोज ९० ग्रॅम. बारा वर्षं मेंदूला खाली दाबून ठेवणारा हा भार एका दिवसात काढला की मेंदू उसळतो. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, वेळ-काळ कळेनासा होतो, ताप चढतो. यालाच डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार नसतील तर तो जीव घेऊ शकतो. ‘दुसऱ्या दिवशी बरा होता, तिसऱ्या रात्री भिंतीवरचे किडे वेचायला लागला’ असं घरचे सांगतात, ते हेच. ही बाहेरची बाधा नाही, त्यासाठी १०८ ला फोन करायचा असतो.

म्हणून डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत एकदम बंद करू नये, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी. मानसोपचारतज्ज्ञ क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम देतात आणि ५ ते ७ दिवसांत डोस उतरवत नेतात. या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणू नयेत, त्यांच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावतो. पाकीट तुमच्या ताब्यात ठेवा, त्या त्या वेळचीच गोळी हातात द्या. पूर्वी कधी फिट आली असेल, भास झाले असतील, कावीळ असेल, किंवा रात्रंदिवस सोबत राहणारं कोणी नसेल तर घरी प्रयोग नको, भरती करा.

सगळ्यात जास्त चुकतं ते सलाईनच्या बाबतीत. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व आधीच संपत आलेलं असतं. ग्लुकोज पचवताना उरलंसुरलंही खर्ची पडतं. मग तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, गोंधळ होतो, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. थायमिन आधी, तेही इंजेक्शनने, कारण दारूने बिघडलेल्या आतड्यांतून गोळी नीट शोषली जात नाही. डॉक्टरांना हे तोंडावर विचारा, रागावले तर रागावू द्या.

हे पाच-सात दिवस म्हणजे फक्त डिटॉक्स, म्हणजे अंगातून दारू सुरक्षितपणे उतरवणं. एवढ्यावर घरी आणून ‘सुटली एकदाची’ म्हणणारे पुष्कळदा महिन्याभरात परत तिथेच येतात. पुढच्या ओढीसाठी अकॅम्प्रोसेट (३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, किडनी तपासून), नाल्ट्रेक्सोन (रोज ५० मिलिग्रॅम, लिव्हर तपासून) किंवा लिव्हरचा आजार असेल तर बॅक्लोफेन यांपैकी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. यजमान स्वतः तयार असतील तर डायसल्फिरामही चालतं, पण उघडपणे, रोज सकाळी तुमच्यासमोर. मात्र मग खोकल्याची काही औषधं, द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांतलं अल्कोहोलही बाधतं, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो.

झोप महिना-दोन महिने नीट येत नाही. त्यावर अल्प्राझोलाम ही गुंगी आणणारी गोळी सुरू केली की दुसरं व्यसन लागलंच समजा. पगाराची तारीख, गटारी, लग्नाची वरात हे दिवस आधीच ठरवून टाका: पैसे कोणाकडे राहतील, सोबत कोण असेल, किती वाजता परत निघायचं. शपथा घ्यायला लावून फार काही होत नाही. एकदा पिऊन आलेच तर त्या रात्री भांडू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) याच्या सभा त्यांच्यासाठी आणि अल-अनॉन (त्यांच्या घरच्यांचा गट) याच्या तुमच्यासाठी, दोन्हींना फी नसते.

केंद्र निवडताना काही गोष्टी रोखठोक विचारा. नोंदणी आहे का? रात्री डॉक्टर असतात का? घरच्यांना भेटू देतात का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही येतात आणि साखळीने बांधणं त्यात सरळ बेकायदा आहे. ‘आम्ही गाडी पाठवून उचलून नेऊ’ म्हणणाऱ्यांना फोनवरच नाही सांगा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. जवळ काही नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीतही बोलता येतं.

एकादशीला अजून वेळ आहे. या आठवड्यात यजमानांना सोबत घेऊन ओपीडीत जा, रोज किती आणि किती वाजता घेतात ते खरं सांगा (बरेच जण अर्धंच सांगतात आणि मग डोस कमी पडतो), लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. डिटॉक्सची तारीख एकादशीच्या आठवडाभर आधीची मिळाली तर माळ घालताना त्यांचे हात थरथरत नसतील.