हास्यक्लब हा उपचार नव्हे

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की मनोविकारतज्ज्ञाकडच्या पत्रांनाही जोर चढतो. एकत्र चालल्या-नाचल्या-वाजवल्याने मनाचं काय होतं, याबद्दल तेच तेच गैरसमज. यंदा एकदमच उत्तरं देतो.

प्रश्न : तळजाईवर मी एकटाच फिरतो. ग्रुपशिवाय फिरणं मनाला निरुपयोगी, असा मेसेज आला. खरं का?
उत्तर : नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला, एकटे का असेना.

प्रश्न : मुलगी पथकात गेली आणि महिन्याभरात तिथली पोरं तिला सख्ख्या भावंडांसारखी झाली. एवढी ओढ कशी?
उत्तर : एका ठोक्यावर हात पडले की माणसं जवळ येतात, हे तपासलेलं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात काहींना पावलाला पाऊल जुळवून चालवलं, काहींना आपापल्या चालीने. नंतरच्या खेळात पाऊल जुळवलेल्यांनी एकमेकांवर जास्त भिस्त ठेवली. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांची वेदना सोसायची ताकद एकट्यापेक्षा संघात वल्हवल्यावर अधिक वाढली, मेहनत तेवढीच असून. यामागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते वेदनाशामक रसायन असावं, असं मानतात. पण एकूण परिणाम बेताचाच. उरलेली ओढ वडापाव, चहा आणि एकमेकांचे ढोल ताणून देण्यातली. काळजी नको.

प्रश्न : सरावानंतर कानात शिट्टी वाजते. कापसाचा बोळा घालू का?
उत्तर : कापसाने आवाज फारसा अडत नाही, इअरप्लग घ्या. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. दुसऱ्या दिवशीही शिट्टी राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. विसर्जन होऊ द्या मग बघू, असं करू नका.

प्रश्न : आई गेल्यापासून बाबा (६८) गप्प असतात. पहाटे तीनला उठून बसतात, वजन उतरलंय, दाढीही करत नाहीत. सगळे म्हणाले म्हणून हास्यक्लबात घातलं. आठ महिने झाले, फरक नाही. क्लब बदलावा का?
उत्तर : क्लब नव्हे, दिशा बदला. हास्यक्लब १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाले. बागेत हात वर करून हसणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझं भांडण ‘सगळे म्हणाले’शी आहे. पहाटेची जाग, उतरलेलं वजन, सुटलेली दाढी, ही दुःखापलीकडची, नैराश्याची लक्षणं असू शकतात. अशी लक्षणं दोन आठवडे टिकली तरी दाखवायचं असतं, तुम्ही आठ महिने घालवलेत! नैराश्यात शरीरच मंदावतं. बाकीचे ‘हो हो, हा हा’वर टाळी देतात तेव्हा बाबांचे हात अर्ध्यावरच असतात. मग ‘मला एवढंही जमत नाही’ ही आणखी भर. याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. मरणाचे विचार येतात का, हे बाबांना सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) दिवसरात्र आहेच. उपचार लागू पडले की क्लबचा सोबतीला उपयोग होईल. आधी नाही.

प्रश्न : ‘ऑक्सिटोसिन वाढवणाऱ्या ग्रुप डान्स’ची तीन महिन्यांची फी भरली. फसले का?
उत्तर : ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलं जाणारं संप्रेरक. ते वाढलं हे मोजणार कोण? नाच आवडत असेल तर नाचा. संप्रेरकाच्या नावाने जादा घेतलेले पैसे मात्र परत मागा. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आई (६२) मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये आहे. गुडघे दुखतात, पण फुगडीने वंगण येतं म्हणते.
उत्तर : येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर त्यांनी खुर्चीत बसून गाणी म्हणावीत. टाळ्यांना हरकत नाही.